फोर बाय फोर असूनही गाडी का रुतते? आणि पैसे आधी कुठे घालावेत?

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की कोकणातल्या कुठल्या तरी पुळणीवरचा व्हिडिओ फिरायला लागतो. उंच, दणकट गाडी वाळूत बसलेली, पाणी दारापर्यंत आलेलं, गावातली चार माणसं दोर लावून ओढतायत आणि मागून जेसीबी येतोय. त्याखालची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "फोर बाय फोर आहे ना, मग निघत का नाही?"

प्रश्न टोमण्याचा असला तरी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं तर शोरूममधून आली तशी, म्हणजे स्टॉक गाडी खडतर वाटांसाठी तयार करताना कशाला हात घालायचा आणि कशाला मुळीच नाही, हेही कळतं. बहुतेक जण सुरुवात वरून करतात. आधी छतावर दिव्यांची पट्टी, मग लोखंडी बंपर, मग गाडी दोन इंच उंच. टायर मात्र कंपनीचेच, हवाही पेट्रोलपंपावर भरलेली तीच. माझ्या मते खर्च जमिनीपासून सुरू करून वर चढत न्यावा. का, ते पाहू.

## चारही चाकांना ताकद म्हणजे नेमकं काय?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना जाते. फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस नावाचा एक जादा गिअरबॉक्स असतो. तो ही ताकद पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ॲक्सलना, म्हणजे चाकांच्या जोडीला फिरवणाऱ्या आसांना, पोचवतो. थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांच्या लिव्हरवर किंवा खटक्यावर तीन खुणा दिसतात. टू-हायमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हायमध्ये चारही. फोर-लोमध्येही चारही, पण वेग दोन-अडीच पटीने कमी आणि चाकावरचा जोर तितकाच वाढलेला.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती अनेकांना विक्रेत्याने सांगितलेली नसते. या गाड्यांत फोर-हाय लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. चिखलात टायर थोडा घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग तो ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. म्हणून आंबा घाट किंवा कुंभार्ली उन्हाळ्यात टू-हायमध्येच उतरावा.

आता खरी मेख. प्रत्येक ॲक्सलच्या मध्यभागी डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरलं पाहिजे, त्याची सोय तो करतो. पण या सोयीचा तोटाही आहे. विहिरीवरच्या पंपाला दोन पाइप जोडले, एक उतारावरच्या पोफळींकडे आणि एक चढावरच्या कलमांकडे, आणि दोन्ही तोंडं मोकळी ठेवली, तर पाणी कुठे जाईल? सगळं खाली. वरच्या कलमांना थेंब मिळणार नाही. साधा डिफरन्शियल असाच वागतो. एक चाक हवेत लोंबकळत असेल किंवा निसरड्या चिखलात असेल, तर ते नुसतं गरगरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म राहतं.

म्हणजे चारही चाकांना ताकद असलेली गाडी अडकायला पुढचं एक आणि मागचं एक अशी दोनच चाकं निसटली तरी पुरतात. पावसाने चर पडलेल्या लाल मातीच्या वाटेवर तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं उचलली गेली की नेमकं हेच होतं.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे डिफ लॉक, जो दोन्ही चाकांना एकत्र फिरायला भाग पाडतो. गुरखाला तो पुढे आणि मागे दोन्हीकडे कंपनीकडूनच मिळतो. थारच्या वरच्या मॉडेलांत मागच्या ॲक्सलला आपोआप लागणारा यांत्रिक लॉक असतो. दुसरा उपाय जिम्नीतला: जे चाक फुकट फिरतंय त्याला गाडी स्वतःच ब्रेक लावते, म्हणजे पंपाचं खालचं तोंड अंगठ्याने दाबल्यासारखं होतं आणि ताकद पलीकडे वळते. मात्र ही ब्रेकची युक्ती चालायला दोन-चार सेकंद ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून धरावा लागतो. खालून कट-कट आवाज यायला लागला की लोक घाबरून पाय काढतात, आणि मदत सुरू होताहोताच बंद पडते. हे शिकायला पैसे लागत नाहीत. बाहेरून लॉक बसवण्याचा विचार हे जमल्यावर करावा.

## कोकणातली जमीन एक नाही

परदेशातले व्हिडिओ बघून गाडी सजवली की इथेच फसगत होते. तिकडचं वाळवंट किंवा तिकडचे दगडी सुळके कोकणात नाहीत. कोकणात काय आहे? सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा जांभा दगड: खरखरीत, सच्छिद्र, धारदार कडांचा, टायरची बाजू फाडणारा. तोच जांभा पावसात शेवाळला की साबणासारखा. त्याखालची लाल माती, जी जूनमध्ये टायरच्या खाचांत भरते आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही. किनाऱ्यावर पुळण. खाडीच्या कडेला खाजण, म्हणजे खारी दलदल, जिथे गाडी नेणं हा शुद्ध वेडेपणा. आणि या सगळ्यांच्या मधे डांबरी घाटरस्ते, वर्षातले चार महिने ओले. गाडीचं बहुतेक आयुष्य या शेवटच्या प्रकारावर जाणार आहे, हे टायर निवडताना विसरायचं नाही.

## पहिला खर्च टायरचा

टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. हायवे टायर म्हणजे एचटी, गुळगुळीतसर, शांत. ऑल-टेरेन म्हणजे एटी, मध्यम खाचांचा. मड टायर म्हणजे एमटी, मोठाल्या ठोकळ्यांचा. दिसायला एमटी सगळ्यात रुबाबदार, त्यामुळे तोच घेतला जातो. चिखलात तो खरंच चांगला आहे, कारण रुंद खाचांतून माती उडून बाहेर पडते. पण ओल्या डांबरावर त्याची पकड कमी, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अंतर जास्त, आवाज जास्त, वजनही जास्त. सुक्या वाळूत तर तो विहीर खणायला घेतल्यासारखा खाली जातो. जुलैत नेहमी भिजलेला घाट चढणाऱ्या माणसाने, माझ्या मते, एटीच घ्यावा. एमटी त्याच्यासाठी, ज्याची वेगळी रोजची गाडी आहे.

टायरची बाजू जाड आणि मजबूत असणं जांभ्यावर खाचांपेक्षा महत्त्वाचं ठरतं. मधल्या भागातलं पंक्चर दोरी भरून निघतं. बाजू फाटली तर टायर गेला.

मग किती मोठा घ्यावा? जिम्नीचं उदाहरण घेऊ. तिच्या टायरवर १९५/८० आर १५ लिहिलेलं असतं. रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिमी, रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. वरची बाजू, खालची बाजू आणि रिम मिळून व्यास ६९३ मिमी. त्याऐवजी अनेक जण २३५/७५ आर १५ घालतात. त्याचा व्यास सुमारे ७३३ मिमी भरतो. म्हणजे टायर ४० मिमीने मोठा झाला, गाडी मात्र निम्म्यानेच, २० मिमीने वर आली. बदल्यात काय गेलं? स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ८५ ने धावते. प्रत्येक गिअर सहाएक टक्क्यांनी जड होतो, म्हणजे चढावर गाडी दमते. पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. एवढं करून मिळाले ते २० मिमी. गरज असेल तर ते मोलाचे आहेत, पण हिशेब माहीत असावा.

## हवा कमी करा, फुकट आहे

सगळ्यात मोठा फरक पाडणारी गोष्ट दुकानात मिळत नाही. रस्त्यावर टायरमध्ये साधारण ३० पीएसआयच्या आसपास हवा असते. ती कच्च्या वाटेवर २० पर्यंत, वाळूत १५-१६ पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो. लोकांना वाटतं तो रुंदीत पसरतो. खरं तर तो मुख्यतः लांबीत पसरतो. गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चाक खणायचं थांबतं, आणि जांभ्याच्या टोकावर टायर फुटण्याऐवजी दबतो.

यात धोका नाही का? आहे. १५ च्या खाली गेलात आणि झटक्यात वळवलंत तर टायर रिमवरून निसटू शकतो. कमी हवेवर वेगाने चालवलं तर टायरची बाजू तापून फाटते. म्हणून डांबराला लागण्याआधी पुन्हा हवा भरायचीच. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा छोटा कंप्रेसर आणि नीट मोजणारा गेज घ्यावा. दोन्हींची किंमत मिळून एका चांगल्या टायरपेक्षा कमी असते.

## "पण गाडी उंच केल्याशिवाय खाली आपटणार नाही का?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो. लिफ्ट किट म्हणजे लांब स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर घालून गाडीचं धड वर उचलणं. त्याने पुढचा, मागचा आणि पोटाखालचा कोन वाढतो: बांध चढताना बंपर टेकत नाही, उतरताना मागचा भाग घासत नाही, माथ्यावर पोट अडकत नाही. हे खरं. पण ज्या गाडीत दोन चाकांमधला ॲक्सल सलग लोखंडी असतो, तिथे सगळ्यात खाली लोंबणारा भाग म्हणजे त्याच्या मधला डिफरन्शियलचा फुगवटा. तो चाकांना जोडलेला, धडाला नाही. गाडी कितीही उंच करा, फुगवटा होता तिथेच राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. जिम्नीला दोन्हीकडे असा सलग ॲक्सल आहे, थारला मागे.

थारच्या पुढच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे जास्त लिफ्ट दिली की चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके पडतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, मग आत लाल माती शिरते. शिवाय गुरुत्वमध्य वर गेलेली गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते, आणि घाटातल्या वळणावर ते जाणवतंच.

कंपनीच्या आकड्यांनुसार थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिमी, गुरखाची २३३ आणि जिम्नीची २१० मिमी. कोकणातल्या वाटांसाठी हे कमी नाही. आधी पोटाखाली संरक्षक पत्रा घाला, आणि चाक खड्ड्यात न घालता दगडावर घालायला शिका. वर्षभरात तेवढ्यानेही भागत नाही असं दिसलं, तर ५० मिमीच्या आतली लिफ्ट, अलाइनमेंट करून. त्यावर जाणाऱ्यांना माझा सल्ला उपयोगाचा नाही.

## अडकल्यावर ओढायचं कशाने?

खरं तर हा खर्च टायरच्या बरोबरीने व्हायला हवा, पण तो फोटोत दिसत नाही. गाडी ओढण्यासाठी तिला पुढे आणि मागे चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने पक्के केलेले, वजनाचा आकडा कोरलेले हुक हवेत. ट्रेलर जोडायचा गोल बॉल हा ओढण्याचा हुक नव्हे. झटक्याने तो तुटला तर दोराबरोबर तोफगोळ्यासारखा समोरच्या काचेतून आत येतो. जगभरात माणसं अशी मेली आहेत.

दोरातही फरक आहे. साधा पट्टा ताणत नाही, तो हळूहळू ओढायला. नायलॉनचा कायनेटिक दोर वीसेक टक्के ताणतो आणि ती साठलेली ताकद परत देतो, त्यामुळे रुतलेली गाडी धक्का न बसता उचलली जाते. तो गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन-तीन पट ताकदीचा असावा. होडीचा जुना दोर, विहिरीचा सोल, केबल वायर यांना हात लावू नये. आणि ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा. गावात हे सगळ्यात अवघड काम असतं.

विंच म्हणजे बंपरवरचं विजेवर चालणारं दोर गुंडाळायचं यंत्र. त्याची ओढ गाडीच्या भरलेल्या वजनाच्या किमान दीडपट असावी. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की छापलेली ताकद ड्रमवर दोराचा शेवटचा एकच थर उरलेला असतानाची असते. थर वाढतील तशी ती घटते. दोराला बांधायला मात्र पलीकडे काहीतरी लागतं. उघड्या पुळणीवर काय आहे? सुरूचं बन असलंच तर दूर. एकट्या गाडीने फिरणाऱ्याला विंचपेक्षा दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या खाचेदार फळ्या), फावडं आणि कमी हवा यांचा जास्त उपयोग होतो. बोर्ड नसले तर चाकापुढे वाळू उकरून माडाच्या झावळ्या घालायची गावची रीत आजही काम करते.

## स्नॉर्कल लावला की वहाळ पार?

इंजिन हवा घेतं ती जागा बुडाली की पाणी सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. स्नॉर्कल ही हवेची जागा छतापर्यंत नेतो, इतकंच त्याचं काम. गुरखाला तो कंपनीचाच मिळतो आणि तिची पाण्याची मर्यादा ७०० मिमी सांगितली आहे, थारची ६५०. म्हणजे छतापर्यंत नळी असूनही मर्यादा मांडीपर्यंतच! कारण खाली वायरिंग आहे, गिअरबॉक्स आहे, आणि डिफरन्शियलला श्वास घ्यायला छोटी नळी असते. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं. या ब्रीदर नळ्या वर घेणं हे स्नॉर्कलपेक्षा कितीतरी स्वस्त आणि आधीचं काम आहे.

आणि हे आकडे साचलेल्या पाण्याचे. वाहत्या पाण्यात खोलीपेक्षा ढकल महत्त्वाची. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवतं, दोन फूट पाणी बहुतेक मोठ्या गाड्या वाहून नेतं. मोटार रुंद आणि हवाबंद जितकी, तितकी ती तरंगते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीने पूलच नेला, त्यावरच्या दोन एसटी बसांसकट. जुलै २०२१ मध्ये चिपळूणात वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. अशा पाण्यापुढे स्नॉर्कल लावलेली गाडी आणि न लावलेली गाडी सारखीच.

## मीठ

पुळणीवरून आलेल्या गाडीचं पोट त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावं. संरक्षक पत्रा आणि चेसिस यांच्या मधे खारट वाळू अडकून ओली राहते आणि आतून गंज धरतो. त्यामुळे पत्र्याला धुण्यासाठी भोकं आहेत का ते घेतानाच पाहा. ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला खाऱ्या ओलीत लोखंडी बोल्ट खातो आणि तिथेच जाम होतो. दोन पावसाळ्यांनंतर तो बोल्ट पान्याने निघत नाही, ग्राइंडरने कापावा लागतो.

## आरटीओ काय म्हणतं?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेली माहिती कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. एअरबॅग कधी उघडायची हे धडकेच्या झटक्यावरून ठरतं, आणि पुढचा लोखंडी सांगाडा तो हिशेब बिघडवतो.

"मग सगळे लावतात ते?" लावतात, आणि नाक्यावर अडकतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे अपघातानंतर विम्याचा दावा अडकतो. कंप्रेसर, दोर, बोर्ड, फावडं, हवेचा दाब आणि मूळ मापाचे एटी टायर यांना कोणाचीच हरकत नाही. बाकी काहीही करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारावं.

## मग पुळणीवर न्यावी का?

नाही. एक कारण भरतीचं. ओलसर वाळू घट्ट असते, म्हणून ओहोटीला गाडी छान पळते. भरतीचं पाणी परत आलं की वाळूच्या कणांमधे पाणी भरतं, कण एकमेकांना सोडतात आणि उभ्या चाकाखालची जमीनच पातळ होते. भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीची पाऊणपट करतात: अष्टमीला साधारण सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. म्हणजे त्यानंतर सहाएक तासांनी, पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. पुळण महिन्यातली सगळ्यात रुंद दिसते ती त्याच वेळी, आणि पर्यटक सूर्यास्ताला तिथेच येतात. परत चढणारं पाणी मात्र उधाणाचं असतं. भरतीच्या सहा तासांतला निम्मा चढाव मधल्या दोन तासांत होतो. अडकल्यावर "थोड्या वेळात काढू" म्हणणाऱ्याची गाडी नेमकी त्या दोन तासांत जाते.

दुसरं कारण कासवांचं. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले हिवाळ्यात अंडी घालतात. गाडीने घरट्यावरची वाळू दाबली जाते आणि चाकाच्या खोल चरीत पिल्लं अडकतात. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा आणि वाळूच्या टेकड्या सगळ्यात संवेदनशील गटात आहेत.

सड्यावरही डोळे उघडे ठेवावेत. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि अनेक शिल्पं गवताखाली नुसत्या रेषांसारखी दिसतात. एमटी टायर त्यावरून एकदा गेला की पुसलेली रेघ परत येत नाही.

हात बसवायला बंद पडलेली चिरेखाण उत्तम: चढ आहे, चिखल आहे, जांभा आहे, आणि तिला मालक असतो. त्याला विचारून जावं, बरोबर दुसरी गाडी न्यावी, आणि येताना दगडांचा गडगा ढासळला असेल तर रचून द्यावा.